पामर्सची आडभिंत

१२ मार्च

किल्ली हातात आली. रॉझने ती निळ्या फितीत बांधून दिली, सोबत पाव, मिठाची पुडी आणि कोळशाचा एक खडा. नव्या घरात अन्न, चव आणि ऊब कमी पडू नये म्हणून देतात तसं. मी म्हटलं, "रॉझलिंड प्रेटिमन, हे बाहेरून आलेल्यांना द्यायचं. मी या घरात रांगलेय." ती हसली, पण डोळे पुसत होती. तिचा जन्म इथला, तिच्या वडिलांचं, मेजरचं, अख्खं आयुष्य इथे गेलं. आता ती गावाच्या टोकाला नव्या बंगलीत राहते. रडू येणारच.

मी रांगले ते मागच्या दाराशी. आई या घरात कामाला होती आणि मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. पुढे रॉझ माझी जिवाभावाची मैत्रीण झाली, तरी मी येणार ती मागच्याच दाराने, आणि बसणार स्वयंपाकघरात. रॉझ म्हणायची, पुढचं दार परक्यांसाठी. मला त्याचा केवढा अभिमान. आज मी पुढच्या दाराने आत गेले आणि मोठ्या खोलीत उभी राहून मोठ्याने म्हटलं, "केन, बघ." केन म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा विमा, माझ्या नर्सच्या पेन्शनची रक्कम आणि आमचं रांगेतलं घर, सगळं या एका घरात घातलंय. आता हेच काय ते माझं.

पाचशे वर्षांचं घर, नाव पामर्स. ओकचा सांगाडा, कुडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर गवताचं छप्पर. वरच्या मजल्यावर वाटाणा पडला तर तो घरंगळत थेट खिडकीखाली जाऊन थांबतो. सरकारच्या वारसा यादीत नाव आहे आणि नावापुढे तारा आहे, म्हणजे खास जपायचं घर. तारा कशामुळे, तर पुढचं दार आणि मोठी खोली यांच्या मधल्या ओकच्या आडभिंतीमुळे. उभ्या जाड फळ्या, वर कोरीव पट्टी. आई दर शुक्रवारी तिला मेण लावायची.

आमचा वकील बर्नार्ड मागे लागला होता की घर घेण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. मी म्हटलं, साठ वर्षांच्या मैत्रिणीची झडती घेऊ का? लंडनच्या एका जोडप्याने असाच तपासणीस पाठवतो म्हटल्यावर रॉझने त्यांना सरळ नकार दिला होता. म्हणाली, त्यांचं घरावर प्रेमच नाही. माझं होतं.

२० मार्च

आज आडभिंतीला मेण लावायला बसले. आईची पद्धत, मेणात थोडं टर्पेंटाइन, आणि जुन्या बनियनचा बोळा. मेण काही मुरेना. वरच्या वर चिकट राहतं आणि फडक्याला परत येतं. आईच्या वेळी लाकूड मेण प्यायचं. बहुधा हल्लीचं मेणच भेसळीचं.

दुसरी गंमत. सहा वर्षांची असताना मी हेअरपिनने खालच्या बाजूला एक डी कोरला होता, डोरीनचा. आईने पाठीत धपाटा घातला होता आणि मेजरना कळू नये म्हणून पुढे कित्येक दिवस तिथे छत्र्यांचं स्टँड सरकवून ठेवलं होतं. आज गुडघ्यावर बसून, चष्मा लावून, प्रत्येक फळी पाहिली. नाही सापडला. उठताना मात्र गुडघ्यांनी माझी आठवण काढली.

संध्याकाळी रॉझला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तुझी आई घासायची कशी ते आठव. अक्षर काय, ती आणखी दहा वर्षं राहिली असती तर फळीच उरली नसती." खूप हसलो. मग तिने विचारलं, नक्की कुठल्या फळीवर होता, केवढा होता, आणखी कोणाला माहीत आहे का. तिला आमच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकायला फार आवडतात.

४ एप्रिल

दुधाच्या जुन्या कोठीत खाली एक न्हाणीघर करून घ्यायचं ठरवलंय. जिना असा आहे की उतरताना देव आठवतो, आणि उजवा गुडघा आता ऐकत नाही. यादीतलं घर म्हणजे काउन्सिलची परवानगी हवी. अर्ज आणला.

रॉझ चीज घालून केलेले स्कोन घेऊन आली होती. अर्ज बघून तिचा हात बशीवरच थांबला.

"हे कशाला? काउन्सिलच्या माणसाला एकदा घरात घेतलंस की तो निघत नाही. मग खिडक्या बघेल, छप्पर बघेल."

"बघू दे की. माझं घर काय चोरीचं आहे?"

"क्लाइव्हला सांग. तो दोन दिवसांत गुपचूप करून देईल. सगळं गाव तसंच करतं."

"सगळ्या गावाने फ्लूची लस पण टाळली होती. त्यांच्या मागे कोण धावलं? मी. मला गुपचूप जमत नाही, रॉझ. चाळीस वर्षं प्रत्येक गोळीचा हिशेब लिहिलाय."

ती चहा अर्धा टाकून गेली. मला मागाहून कळलं की मी किती आडमुठी. वडिलांच्या घराची एक वीट हलणार म्हटल्यावर तिच्या जिवाला लागणारच. मेजर शेवटची दोन वर्षं समुद्राकाठच्या नर्सिंग होममध्ये होते. काउन्सिलच्या होममध्ये त्यांना ठेवू नकोस, तिथे ते महिन्यात जातील, असं मीच तिला सांगितलं होतं, नर्स म्हणून. ती महागडी जागा तिने कशी निभावली तिलाच माहीत. कधी कोणापुढे रडगाणं नाही. अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. अर्ज मात्र मी पोस्टात टाकला.

११ एप्रिल

पोस्टाच्या दुकानात सुतार क्लाइव्ह म्युटिमर भेटला. न्हाणीघराचं त्याच्या कानावर गेलेलं.

"ती आडभिंत तर हलवणार नाही ना?" त्याने विचारलं.

"वेडा आहेस का? तिला मी नुसतं मेण लावते."

"मेण पण नका लावू. आणि तिच्यावर दिवा वगैरे नका लावू. अंधारातच बरी दिसते."

एवढं बोलून अंडी न घेताच निघून गेला. जुन्या लाकडाबद्दल गावातल्या माणसाला इतकी माया असते हे पाहून बरं वाटलं.

२९ एप्रिल

आज काउन्सिलचे मिस्टर ऑल्डस आले. तिशीचा असेल पोरगा. चौकटीत डोकं आपटून घेतलं आणि माफी मागितली ती चौकटीची. मला आवडला. न्हाणीघराला त्यांची हरकत नाही. चहा झाला, लिंबाचा केक झाला, दुसरा तुकडाही झाला. जाता जाता म्हणाले, "ती आडभिंत बघू का? कॉलेजात तिच्याबद्दल वाचलं होतं."

मी अभिमानाने दाखवली. त्यांनी टॉर्च काढला आणि समोरून न धरता फळीला टेकवून बाजूने धरला. एक फळी पाहिली, दुसरी पाहिली. फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्यांवरून अंगठा फिरवला. मग खाली वाकून फळीचा मागचा भाग पाहिला आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं पाठ धरली.

"मिसेस कॅचपोल, मूळची कुठे आहे?"

"म्हणजे?"

"ही मूळची नाही. फळ्या यंत्रावर कापलेल्या आहेत. खुंट्या सगळ्या एका मापाच्या, मशीनच्या. वरून रंग देऊन जुनी केलीय. काम चांगलं आहे, पण चार-पाच वर्षांपूर्वीचं असेल."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, चार वर्षांपूर्वीची कशी असेल, माझी आई तिला मेण लावायची. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. मी बाजूने धरला. फळीवर करवतीच्या बारीक सरळ रेषा, वहीच्या पानावर असतात तशा. एकदा दिसल्या की मग दिसतच राहतात.

त्यांनी चांगल्या शब्दांत समजावलं. अशी भिंत विनापरवाना काढणं हा गुन्हा आहे, कितीही वर्षं झाली तरी. ज्याने काढली किंवा काढवली त्याच्यावर खटला. आणि ती परत जागेवर आणण्याची जबाबदारी आज ज्याच्या नावावर घर आहे त्याची.

"म्हणजे गुन्हा कोणाचाही असो, निस्तरायचं मी."

"तुम्ही घर घेताना तपासून घेतलं असेल ना? त्या अहवालात—"

मी म्हटलं, आणखी केक घेता का.

३० एप्रिल

सकाळी सकाळी रॉझकडे गेले. तिच्याशिवाय कोणाकडे जाणार. ती बागेत होती. सांगितलं तेव्हा तिने हातमोजे काढले, नीट जोडी करून ठेवले, आत जाऊन किटली लावली. किटली उकळून बंद झाली तरी ती तिच्याकडेच बघत उभी होती. इतका धक्का बसला तिला. मीच उठून चहा केला.

"बाबांच्या काळात काही दुरुस्ती झाली असेल," ती म्हणाली.

"मेजर? त्यांनी कधी खिळा ठोकला नाही परवानगीशिवाय."

"मग..." तिने कप बशीत ठेवला. "बाबा नर्सिंग होममध्ये आणि मी त्यांच्याकडे जाऊन-येऊन. घर कितीतरी महिने तसं रिकामंच होतं. किल्ली क्लाइव्हकडे असायची. मी काही म्हणत नाही, डोरीन. फक्त किल्ली त्याच्याकडे होती."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेण नका लावू. दिवा नका लावू. अंधारात बरी दिसते. हरामखोर. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ऑल्डसना फोन करते. रॉझने माझा हात धरला. "पुरावा नसताना कोणाचं नाव घेऊ नकोस. तू फक्त म्हण, मला काही माहीत नाही. तेवढंच म्हण. बाकी मी बघते." इतकी वर्षं मॅजिस्ट्रेट होती ती, कायदा तिला कळतो. तसंच केलं. फोनवर सांगितलं, मला काही माहीत नाही.

किती मोठ्या मनाची आहे. तिच्याच वडिलांचं घर लुटलं गेलं आणि ती त्या लुटारूची अब्रू सांभाळतेय.

१८ मे

क्लाइव्हशी बोलणं बंद केलंय. दुकानात तो "गुड मॉर्निंग" म्हणाला, मी बटाट्यांकडे पाहून त्यांना "गुड मॉर्निंग" म्हटलं. गावाला जे कळायचं ते कळलं.

२ जून

चर्चची जत्रा. चहाच्या तंबूचा कारभार दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे. क्लाइव्हची बायको पॉलीन हिचा जॅमचा स्पंज केक म्हणजे आमच्या जत्रेची शान. पंधरा वर्षं तो मधल्या टेबलावर, उंच काचेच्या बशीत असतो. आज मी तो मागच्या टेबलावर ठेवला, सँडविचच्या रिकाम्या ट्रेजवळ, उन्हात. मधे रॉझचा कॉफी केक ठेवला. लोकांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही, पण मागच्या टेबलाकडे कोणी गेलंही नाही. मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आवराआवरीच्या वेळी पॉलीन आली. केकचं क्रीम वितळून जॅममधे गेलेलं.

"जागा नव्हती का मधे?"

"नव्हती."

"हे बघ, डोरीन. नवऱ्याशी बोलत नाहीस, ठीक. मलाही कधीकधी बोलावंसं वाटत नाही. पण माझ्या केकने काय केलंय?"

"त्यालाच विचार. त्या भिंतीचं काय केलं ते विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बशी खाली ठेवली. "तुला खरंच माहीत नाही?" आवाज एकदम हळू. "क्लाइव्हने नकली भिंत केली, कबूल. पण कोणी सांगितली म्हणून केली? खरी काढायला लंडनहून माणसं आली होती, चांगली दुपारी. हिरवा ट्रक चर्चसमोर लावलेला. पबमधून त्यांना बियर गेली, मी स्वतः पोर्क भरलेल्या पाई नेऊन दिल्या. रॉझलिंड अंगणात उभी राहून त्यांना सांगत होती, कोपरा सांभाळा, कोपरा सांभाळा. सगळ्या गावाने पाहिलं. तू तेव्हा लीड्सला होतीस, मार्टिनच्या बाळंतपणाला."

मार्टिन माझा मुलगा. बाळंतपण सुनेचं, पण पॉलीन तसंच म्हणते.

"मला कोणी का नाही सांगितलं?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत असणार. तुम्ही दोघी म्हणजे... आणि आपण कोण मधे बोलणारे? तू तरी कुठे कोणाला विचारलंस?"

तंबूचे दोर सोडायला माणसं आली, तेव्हा मी तिथेच खुर्चीवर होते. पॉलीन केक घेऊन गेली होती.

३ जून

पॉलीन खोटं बोलत असेल. नवऱ्याला वाचवायला बायका काहीही बोलतात.

९ जून

रॉझकडे गेले. विचारायचं ठरवूनच गेले. वाटेत शब्दही जुळवले होते. तिने बिगोनिया दाखवले. मी म्हटलं, छान आलेत. ती म्हणाली, गोगलगायी फार झाल्यात यंदा. मी म्हटलं, अंड्याची टरफलं घाल. तासभर आम्ही गोगलगायींवर बोललो. निघताना तिने फाटकापाशी विचारलं, "ऑल्डसला आणखी काही सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "बरं केलंस," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावरचं गवत झटकलं.

परत येताना स्वतःचाच राग आला. रोग्याला "शौचाला झाली का" असं चारचौघांत विचारणारी बाई मी, आणि मैत्रिणीला एक प्रश्न विचारता येत नाही.

पण मी तिला ओळखते. ती स्वतःच सांगेल. वडिलांसाठी विकली असणार ती भिंत, त्या समुद्राकाठच्या जागेसाठी, आणि ती जागा सुचवली मी. तिला तोंड उघडायला लाज वाटत असेल. तिला वेळ दिला पाहिजे. ऑल्डस तिलाही बोलावणार आहेत, तेव्हा ती सगळं खरं सांगेल आणि मग माझ्याकडे येईल. आम्ही दोघी मिळून मार्ग काढू. ती भिंत कुठे गेली हे तिलाच तर माहीत आहे.

२७ जून

मिस्टर ऑल्डस आले. चहा नको म्हणाले. तेव्हाच कळायला हवं होतं.

"मिस प्रेटिमन यांनी जबाब दिलाय. त्यांनी किल्ली तुमच्या हातात दिली त्या दिवशी मूळची भिंत जागेवर होती, असं त्या म्हणतात. चार-पाच वर्षं हा माझा नुसता अंदाज होता, तो जबाबापुढे टिकत नाही."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"त्यांनी खूणही दिलीय. खालच्या बाजूला, डावीकडून तिसऱ्या फळीवर, डी हे अक्षर हेअरपिनने कोरलेलं. निरोप घेताना त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला म्हणे, कारण ते तुम्ही लहानपणी कोरलं होतं. अक्षर कोरलं होतं हे खरं आहे का?"

"खरं आहे."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुम्ही एप्रिलमध्ये मला सांगितलं होतं, मला काही माहीत नाही. आता काही वेगळं सांगायचं असेल तर वकील घेऊन या. यापुढे तुम्ही जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं." हे म्हणताना त्याचे कान लाल झाले. बिचारा. मला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं, काय वेडी बाई मी.

तशीच उठून रॉझकडे गेले. तिने दार उघडलं आणि पहिल्यांदाच मला पुढच्या खोलीत बसवलं, सोफ्यावर.

"तू लिहून दिलंस की ती तिथेच होती," मी म्हटलं.

"चहा घेशील?"

"रॉझ."

ती समोर बसली. पाठ ताठ, कोर्टात बसायची तशी. "मी काय करायला हवं होतं? ज्या खुर्चीवर मी बसले, तिच्यासमोर जाऊन उभी राहू? बाबांचं नाव वर्तमानपत्रात?"

"आणि माझं?"

"तुझं वेगळं आहे. तुला कोण काय करणार? निवृत्त नर्स, गुडघे गेलेले, अर्ध्या तालुक्याला टोचून आलेली. तू म्हणायचं, मला कळलं नाही, कोणीतरी गोड बोलून घेऊन गेलं. विश्वास ठेवतील तुझ्यावर. तुझ्याकडे बघून ठेवतातच लोक."

"घर जाईल माझं. ती भिंत परत आणायची म्हणजे घर विकावं लागेल, आणि हे असं घर आता घेणार कोण?"

"ते बाबांसाठी होतं. तूच म्हणालीस त्यांना तिथे ठेव."

"मग घर देताना मला सांगायचंस. एकदा."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

मी खरंच विचार केला. "घेतलं असतं," मी म्हटलं. "दोघींनी मिळून काहीतरी केलं असतं. मी घेतलं असतं, रॉझ."

ती पहिल्यांदाच गालिच्याकडे बघायला लागली. मला वाटलं आता बोलेल. आता ती उठेल, आणि आम्ही दोघी ऑल्डसना फोन लावू. ती म्हणाली, "तुझी आई असती तर हा विषयच निघाला नसता. काय काय पाहिलं तिने आमच्या घरात. बाहेर कधी एक शब्द नाही."

"आई पगारावर होती," मी म्हटलं. "मी नव्हते."

पण घरी येईपर्यंत मला प्रश्न पडला, नव्हते का? साठ वर्षं मागचं दार. साठ वर्षं स्वयंपाकघर. मी ज्याला माया समजत होते ते काय होतं? केसाने गळा कापला माझा. आणि कोणत्या केसाने, तर मी हसत हसत सांगितलेल्या एका लहानपणीच्या खोडीने. पुरुषाने फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं. स्वयंपाकघरात बसून रडले, मोठ्या खोलीत बसवेना.

५ जुलै

बर्नार्ड म्हणतो, ट्रक पाहिलेला एक माणूस पुढे आला तरी मिस प्रेटिमनचा जबाब कोसळेल. एकच माणूस. तो ट्रक पाहिला नाही असा माणूस गावात शोधावा लागेल, आणि बर्नार्डला एकच हवाय.

पॉलीनकडे गेले. आधी केकबद्दल माफी मागितली. तिने ऐकून घेतलं.

"क्लाइव्ह पण अडकेल, डोरीन. नकली त्याने केली."

"त्याचं नाव मी घेणार नाही. तू फक्त ट्रकचं सांग. आणि अंगणात कोण उभं होतं ते."

"तुला सांगणं वेगळं आणि काउन्सिलला सांगणं वेगळं." मग बराच वेळ टेबल पुसत राहिली, जे आधीच स्वच्छ होतं. "रविवारपर्यंत विचार करते. चर्चमध्ये भेट."

नाही म्हणाली नाही. आज पहिल्यांदा नीट जेवले.

७ जुलै, रविवार

चर्च भरलेलं होतं. एरवी उन्हाळ्यात निम्मंही भरत नाही. प्रेटिमनांचा बाक पहिला, त्यामागे माझा, माझ्यामागे पॉलीन आणि क्लाइव्ह. घर विकलं तरी बाक काही विकता येत नाही. रॉझ आली, निळी हॅट, सगळ्यांना मान लवून बसली. मला तिच्या मानेवरचे बारीक पांढरे केस दिसत होते. पूर्ण प्रार्थनाभर मी त्यांच्याकडेच बघत होते.

मधे व्हिकार, आमचे पाद्री, म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." मग सगळे उठून आजूबाजूच्यांशी हात मिळवतात तसे उठले. पण आज कुजबुज नाही, बाकांचा आवाज नाही. सगळं गाव बघत होतं. रॉझ वळली आणि तिने माझ्यापुढे हात केला.

मी तो घेतला नाही. मी तिच्याकडे पाठ केली, मागे वळले आणि पॉलीनपुढे हात केला. म्हटलं, "शांती असो, पॉलीन."

पॉलीनने माझ्या खांद्यावरून रॉझकडे पाहिलं. मग क्लाइव्हकडे. मग खाली बघून पर्स उघडली आणि रुमाल शोधायला लागली. रुमाल वरच होता. मला दिसत होता. ती शोधतच राहिली. क्लाइव्ह प्रार्थनेच्या पुस्तकात. त्यांच्यामागच्या बाकावरची पोस्टातली शीला छताकडे बघत होती. माझा हात हवेत तसाच.

तो रॉझने धरला. बाकावरून वाकून, मागून, दोन्ही हातांनी. तिचे हात गरम होते. "शांती असो, डोरीन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

कुठेतरी कोणीतरी सुस्कारा सोडला. मग एकदम सगळे हात मिळवायला लागले, हसायला लागले, मुलं बोलायला लागली. पॉलीनला रुमाल सापडला.

आणि मी हात सोडवून घेतला नाही. साठ वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघून गेलं, "आणि तुलाही."